आठ जणींचा एक ताणा

कापडाचा व्यापार करणाऱ्या घराण्यांत कापडाची पारख मुद्दाम शिकवली जात नाही. घरात वावरता वावरता ती अंगी येते. गादीजवळ खेळणारा मुलगा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत चिमटीत कापड धरून सूत जाड की बारीक, वीण दाट की विरळ, हे सांगू लागतो. घरातील स्त्रियाही साडीचा पदर बोटांवर चोळून तिची किंमत अचूक सांगतात. परंतु ही सारी पारख थान मागावरून उतरल्यानंतर सुरू होते. सूत मागावर चढते आणि थान होऊन उतरते, त्या दोन घटकांच्या मधल्या कष्टांशी पेढीचा संबंध बहुधा मजुरीच्या आकड्यापुरताच येतो.

इचलकरंजीच्या एका सूत-व्यापारी घराण्यातील अक्कांचे आयुष्यही या पारखीत गेले. या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटात वाढले. अक्का लग्न होऊन आल्या त्या या खडखडाटातच. त्यांच्या पेढीचा रिवाज गावातील अनेक पेढ्यांसारखाच होता: सूत पेढीने द्यायचे, लहान यंत्रमागधारकाने खर्चीवर, म्हणजे मजुरीने, ते विणून द्यायचे आणि तयार कापड पेढीने पुढे विकायचे. मजुरी पिकावर. एका इंचात जितके आडवे धागे बसतात तितके त्या कापडाचे पीक. जितके पीक अधिक, तितका विणण्यास वेळ अधिक आणि मजुरीही त्या प्रमाणात अधिक. सासऱ्यांच्या काळापासून संध्याकाळी मजुरीच्या तक्त्याची बेरीज अक्का करीत. मीटर, पीक, दर, रक्कम आणि शेवटी कपात, अशी ती पाच घरे. चाळीस वर्षांत त्या बेरजेत चूक निघाली नाही, असे घरातील मंडळी आजही सांगतात. मात्र त्या चाळीस वर्षांत त्यांनी हातात धोटा कधी धरला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

पतीच्या निधनानंतर अक्का अमेरिकेत मुलीकडे राहावयास गेल्या. मध्यपश्चिमेकडील त्या शहरात हिवाळा दीर्घ असतो. दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकले की उरलेली संध्याकाळ सरता सरत नाही. आईचा हा एकांत पाहून मुलीने गावातील हातविणकरांच्या एका मंडळात त्यांचे नाव घातले. मंडळ शनिवारी सकाळी भरत असे, त्यामुळे अक्कांच्या नित्यक्रमात कोणतीच अडचण आली नाही.

अशा मंडळांना तिकडे ‘गिल्ड’ म्हणतात. मध्ययुगीन युरोपात हा शब्द एकाच धंद्यातील कारागिरांच्या संघटनेसाठी वापरला जाई. मालाचा दर्जा, उमेदवारी, दर हे सारे ती ठरवी. आजच्या गिल्डमध्ये धंदा उरलेला नाही, शिक्षण आणि सोबत उरली आहे. बॉस्टन येथील विणकरांचे गिल्ड १९२२ साली स्थापन झाले, मिनेसोटाचे १९४० साली आणि देशभरातील हातविणकरांची संघटना १९६९ साली उभी राहिली. अक्कांच्या मंडळात एक निवृत्त परिचारिका होती, दोन शाळाशिक्षिका होत्या, एक हिशेबनीस होती. मागावर कुणाचेच पोट नव्हते. अक्कांना प्रथम याचेच नवल वाटले. त्यांच्या गावी माग म्हणजे पोट, पाळी, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता. इथे तो वीणा-सतारीसारखा घरात ठेवण्याचा छंद होता.

गिल्डला महाराष्ट्राच्या मातीत फार जुना प्रतिशब्द आहे: श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापणांचा अक्षय निधी ठेवला आणि तो ठेवला गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे द्यायचे. म्हणजे ज्या काळी पेढ्या नव्हत्या त्या काळी राजकुळातील माणूस आपला पैसा विणकरांच्या हवाली करीत होता. व्यापारी ज्याला साख म्हणतो, ती त्या वेळी विणकराच्या गाठीशी होती.

अक्कांच्या मंडळाने त्या हिवाळ्यात सामाईक ताण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याची रीत अशी: एकाच मागावर एकच लांब ताणा चढवायचा आणि आठ जणींनी आळीपाळीने त्यावर आपापला टॉवेल विणायचा. उभे धागे सर्वांचे, आडवे धागे जिचे तिचे. मागाच्या चार चौकटींत धागे १, २, ३, ४ अशा क्रमाने ओवलेले असतात. पायाखालच्या पट्ट्या कोणत्या क्रमाने दाबाव्यात हे मात्र प्रत्येकीने ठरवायचे. पहिली व तिसरी चौकट एकदा, दुसरी व चौथी एकदा, असे उचलले की साधी वीण होते. १-२, २-३, ३-४, ४-१ असे चालत गेले की तिरप्या रेघांची ट्विल उतरते. मध्येच क्रम उलटा फिरवला की तीच रेघ नागमोडी होते. १-२ दोनदा आणि ३-४ दोनदा उचलले की चटईसारखे चौकडे पडतात. ओवणी एकच, कापडे आठ.

ताण्याला सूत किती लागेल, हा प्रश्न निघाला तेव्हा कागदपेन्सिलीची शोधाशोध झाली. अक्कांचे इंग्रजी जेमतेम होते, पण आकड्यांना भाषा लागत नाही. सुताच्या बोबिनवर ‘८/२’ असे छापलेले होते. इचलकरंजीत दुहेरी सूत ‘२/४०’ असे लिहितात. पदर आधी, नंबर नंतर. इथे ते उलटे लिहिले होते, एवढेच. नंबराचा अर्थ दोन्हीकडे एकच: एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका नंबर. आठ नंबरचे दोन पदर म्हणजे चार नंबरइतकी जाडी आणि पौंडात ३,३६० वार. टॉवेलचा पन्हा २० इंच, इंचात २० धागे, म्हणजे ताण्यात ४०० धागे. प्रत्येकीला विणण्यास ३२ इंच, म्हणजे आठ जणींना २५६. विणीत आखडणारी लांबी आणि मागाच्या पुढे-मागे वाया जाणारी दशांची लांबी धरून ३२४ इंच, म्हणजे ९ वार. ४०० धागे गुणिले ९ वार, ३,६०० वार. पौंडाहून थोडे अधिक. अक्कांनी हे तोंडी सांगितले आणि हिशेबनीस बाईने यंत्रावर ताडून पाहिले. त्या दिवसापासून मंडळाचा सुताचा हिशेब अक्कांकडे आला.

परंतु पुढचे काम त्यांनाही नवे होते. ४०० धागे समान ताणात मोजून घ्यायचे, त्यांचा क्रम मोडू नये म्हणून फुलीसारखा तिढा राखायचा, बीमवर गुंडाळायचे; मग एकेक धागा तारेच्या बारीक डोळ्यातून आणि पुढे फणीच्या फटीतून ओढून घ्यायचा. चौघींनी पाळीपाळीने ही ओवणी केली आणि कुणी कोणते इंच ओवले, याची नोंद मंडळाच्या वहीत केली. त्यात तीन सकाळी गेल्या. मान अवघडली, डोळ्यांपुढे तारा नाचू लागल्या. इचलकरंजीत हे काम करणाऱ्यांना वहिफणी कामगार म्हणतात. त्यांच्यापुढे ४०० नव्हे, हजारो धागे असतात आणि हे काम त्यांना रोज करावे लागते. अक्कांनी ‘वहिफणी’ हा शब्द तक्त्यात शेकडो वेळा लिहिला होता. त्या शब्दाला मान आणि डोळे असतात, हे त्यांना सत्तरीत उमगले.

विणकाम सुरू झाले. पहिल्या दोघींनी ट्विल घेतली. दोन्ही टॉवेल सुरेख उतरले, निदान तसे वाटले. तिसरीने साधी वीण निवडली आणि चार बोटे कापड होताच तिचा हात थांबला. डावीकडच्या भागात एक उभी रेघ सरळ वर जात होती. एक धागा तिसऱ्या चौकटीत जायचा तो दुसऱ्या चौकटीत ओवला गेला होता, त्यामुळे शेजारचे तीन धागे एकदमच उचलले जात होते. ट्विलच्या तिरप्या रेघांत तो दोष झाकला गेला होता. साध्या विणीत त्याला लपायला जागा नव्हती. मागे गुंडाळलेले दोन्ही टॉवेल उलगडून पाहिले, तेव्हा डोळे बारीक केल्यावर तीच रेघ तिथेही दिसली.

पेढीवर वाढलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी पहिला प्रश्न उठतो: हे कुणी केले? उत्तर मिळणे अवघड नव्हते. वही टेबलावर होती, कोणते इंच कुणाचे हे तीत लिहिलेले होते. अक्का वाट पाहत राहिल्या की आता कुणीतरी ती उघडेल. कुणी उघडली नाही. तो एकच धागा कापला, योग्य चौकटीवर दोऱ्याचा नवा डोळा बांधला, धागा त्यातून घेऊन टाचणीने कापडाला अडकवला आणि तिसरीने पुढे विणायला सुरुवात केली. पहिल्या दोघी म्हणाल्या, टॉवेल आहे तसाच छान आहे. वहीत एक ओळ लिहिली गेली: ओवणीतील एक चूक दुरुस्त केली. नाव नाही, वजाबाकी नाही.

त्या रात्री अक्कांना झोप लागली नाही. तक्त्यातील शेवटचे घर त्यांना आठवत राहिले. कपात. कापडात रेघ पडली, गाठ आली, बाणा तुटून फट राहिली, की परगावचा घेणारा पेढीच्या बिलातून रक्कम कापतो. पेढी ती यंत्रमागधारकाच्या मजुरीतून कापते. यंत्रमागधारक ती पाळीवर उभ्या असलेल्या कामगाराच्या पगारातून कापतो. कामगार ती कुणाच्याच नावावर टाकू शकत नाही. त्याच्या खाली घर नाही, त्याच्या घरीच चूल आहे. दोष कुठेही जन्मलेला असो, रक्कम नेहमी खालच्या दिशेनेच वाहत जाते. चाळीस वर्षे त्यांनी त्या घराची बेरीज बिनचूक केली होती. बेरीज बिनचूक असणे आणि हिशेब बरोबर असणे यांत अंतर असू शकते, हे त्यांनी यापूर्वी ताडून पाहिले नव्हते.

मंडळातील औदार्य फुकटचे नाही, हेही त्यांच्या लक्षात आले होते. स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांनी पंचासारखा पांढरा टॉवेल विणला, दोन्ही टोकांना तांबड्या आणि हिरव्या बारीक पट्ट्या घातल्या. इंचाला २० पीक, ३२ इंच, म्हणजे ६४० वेळा धोटा इकडून तिकडे गेला. त्याला जवळजवळ तीन तास लागले. साधा यंत्रमागही मिनिटाला शंभरावर पीक टाकतो. त्याने हे काम सात मिनिटांच्या आत उरकले असते. तीन तासांची मजुरी तिकडच्या दराने धरली, तर त्या टॉवेलची किंमत कुणी देणार नाही. म्हणूनच त्या बायका टॉवेल विकत नाहीत, आणि विकत नाहीत म्हणून एका चुकीच्या रेघेला हसून सोडून देऊ शकतात. त्यांच्या मागे निवृत्तिवेतन आहे. इचलकरंजीच्या पेढीमागे महागणारे-उतरणारे सूत, महिनोन् महिने थकणारी येणी आणि मीटरमागे पैशांत मोजायचा नफा आहे. दोन्हींना एका तराजूत तोलणे न्यायाचे नव्हते. तरीही एक प्रश्न उरत होता आणि तो छंदाचा नव्हता, व्यवहाराचा होता: जो दोष विणणाऱ्याच्या हातून घडलाच नाही, त्याची रक्कम त्याने का भरावी?

पेढी आता पुतण्या सांभाळतो. पुढच्या रविवारी दूरध्वनीवर खुशाली विचारून झाल्यावर अक्कांनी कपातीचा विषय काढला.

“काकी, तिथं जाऊन तुम्हाला मजुरीचा तक्ता आठवला?” तो हसला. “घेणाऱ्यानं आमचे पैसे कापले, तर ते आम्ही कुठून भरायचे? पेढी अशी चालत नाही.”

“सूत कुणी दिलं होतं?”

“आपणच. नेहमी आपणच देतो.”

“सूत कच्चं निघालं आणि सारखं तुटलं, तर कापडात फट येणारच. ती विणणाऱ्याच्या नावावर का लिहायची?”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “पण काकी, दोष सुताचा की हाताचा, हे प्रत्येक थानामागं कोण बघत बसणार? त्याला माणूस लागतो.”

“कापायला माणूस आहे ना? त्यालाच आधी बघायला सांग.”

त्याने लगेच होकार दिला नाही. व्यापारी घरातला मुलगा असा लगेच होकार देत नाही आणि अक्कांनाही तशी अपेक्षा नव्हती. त्यांनी दर वाढवायला सांगितले नव्हते, कपात बंद करायलाही सांगितले नव्हते. त्यांचे मागणे एका घराचे होते. कपातीच्या आधी आणखी एक घर आखायचे आणि त्यात दोषाचे कारण लिहायचे: सूत, माग की हात. सुताचा दोष निघाला, तर रक्कम सूत देणाऱ्याच्या नावे टाकायची, मग तो कुणीही असो.

दीड महिन्याने पुतण्याने तक्त्याच्या एका पानाचे छायाचित्र पाठवले. नवे घर आखलेले होते. बऱ्याच ओळींपुढे ते रिकामे होते, काही ठिकाणी ‘हात’ लिहिले होते, काही ठिकाणी ‘माग’. तीन ओळींपुढे ‘सूत’ असे लिहून रक्कम पेढीच्या स्वतःच्या खाती टाकलेली होती. सोबत एक वाक्य होते: “काकी, एका गिरणीचं सूत पुन्हा पुन्हा या घरात येतंय, आता त्यांच्याशी बोलावं लागेल.” एवढी वर्षे ती कपात सर्वांत खाली जिरत होती, म्हणून खराब सूत कुठून येते, हे पेढीलाही कळत नव्हते. खालच्या माणसाकडून वसूल केलेला दोष वरच्याला दिसेनासा होतो. नव्या घराने कामगाराचे थोडे पैसे वाचवले आणि पेढीला आपल्याच तोट्याचा उगम दाखवला.

फेब्रुवारीअखेरीस आठवा टॉवेल पुरा झाला आणि ताणा कापून मागावरून उतरवण्यात आला. आठही टॉवेल एका पट्ट्यात जोडलेले होते. टेबलावर पसरले तेव्हा पहिल्या दोनांमधून आणि तिसऱ्याच्या चार बोटांमधून जाणारी ती रेघ सर्वांना दिसली आणि पुढे ती कुठे थांबते, तेही दिसले. ज्या दोघींच्या वाट्याला ते टॉवेल आले त्यांनी ते स्वयंपाकघरात वापरायला काढले.

पुढच्या हिवाळ्याच्या ताण्याचा हिशेब पुन्हा अक्कांकडेच होता. या वेळी त्यांनी त्यात एक भर घातली. पहिला टॉवेल सुरू करण्याआधी अर्धा वार ताणा केवळ नमुन्यासाठी ठेवायचा आणि त्यावर आधी साधी वीण घालून पाहायची, कारण ओवणीतील चूक साध्या विणीत तत्काळ उघडी पडते. चूक निघाली, तर ती कुणाच्याच टॉवेलात जाणार नाही. हिशेबनीस बाईने विचारले, याचा खर्च कुणी सोसायचा? अक्कांचे आकडे तयार होते. ४०० धागे, अर्धा वार, म्हणजे २०० वार सूत जास्त. आठ जणींत वाटले तर प्रत्येकी २५ वार.